डावी बाजू

“आबा, बाह्या तरी दुमडा की,” एस.टी.तून उतरता उतरता मी म्हटलं. “लोकं इथं उघडी फिरायला लागलीत आणि तुम्ही मुलगी बघायला आल्यासारखे.”

आबांनी उजव्या मनगटाचं बटण लागलंय ना, एवढं चाचपून पाहिलं आणि चालायला लागले. मे महिना होता, पालीच्या स्टँडवर पान हलत नव्हतं. माझे वडील, केरबा तोडकर, जन्मभर एस.टी.त ड्रायव्हर. अर्ध्या बाह्यांची खाकी सोडून दुसऱ्या कपड्यांत हा माणूस मला क्वचितच दिसला असेल. आज पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट होता, नवा, कडक इस्त्रीचा, आणि काखेत रेक्झिनची बॅग. बॅगेत सहा लाख रुपये होते. रिटायर झाल्यावर हातात पडलेल्या पैशांतले जवळजवळ सगळे.

त्या पैशांची आबांना स्पोर्ट्स कार घ्यायची होती.

हसू नका, आमचं हसून झालं होतं. आई दोन दिवस हसली, मग रडली, मग चूल बंद ठेवून बघितली. ज्या माणसानं सरकारी गाडी सरकारी वेगानं हाकली, घरी सायकल वापरली, माझ्या शाळेच्या सहलीला पैसे देताना कशाला जायचं म्हणून पुन्हा पुन्हा विचारलं, त्याला साठीत दोन सीटांची, छत मागं सरकणारी लाल विलायती गाडी हवी होती. डेपोतल्या कुणीतरी सांगितलं म्हणे, की पालीचे शेट्ये गाडी काढायला लागलेत. किती म्हणतात? सहा. कमी करतील का? विचारलं नाही. विचारणार का? नाही. एवढंच बोलायचे आणि उठून जायचे.

“म्हाताऱ्याला चळ लागलाय,” आई मला म्हणाली. “घेणार असला तर घेऊ दे बाई, पण तू जा बरोबर. लुबाडून घेऊन तरी येऊ नये.”

मला पाठवण्याला कारण होतं. मी मोटार इन्शुरन्सची सर्व्हेअर. गाडी ठोकली की कंपनी मला पाठवते. काय मोडलं, आधीचंच मोडलेलं किती, गॅरेजवाल्यानं घुसडलेलं किती हे मी बघते आणि बिल कापते. कापण्यात माझं नाव होतं. गॅरेजवाले पाठीमागं मला कात्री म्हणायचे. मला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंसुद्धा. तेव्हा मी तिशीत होते, लग्न केलेलं नव्हतं, आणि आपल्याला कुणी गंडवू शकत नाही या एका गोष्टीवर माझा सगळा तोरा होता. नात्यात कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की आधी उज्ज्वलाला दाखव, असं ठरूनच गेलेलं.

शेट्यांचं घर रस्त्यापासून आत, कलमांच्या बागेत होतं. मागं त्यांचा कॅनिंगचा लहानसा कारखाना, तिथून आमरस आटवल्याचा वास येत होता. विश्वनाथ शेट्ये स्वतः फाटकापाशी आले. सत्तरीला आलेले, उंच, सडपातळ, हळू बोलणारे. लांबून आलात, आधी हातपाय धुवा म्हणाले, आणि विहिरीशी नेऊन बादलीतलं पाणी तांब्यानं स्वतः आबांच्या हातावर घातलं. आबांनी तेव्हाही बाह्या वर घेतल्या नाहीत. उजवी बाही कोपरापर्यंत भिजली आणि हाताला चिकटून बसली. मी म्हटलं, बघा, सांगत होते. शेट्ये तांब्या हातात धरून जरा वेळ तसेच उभे राहिले.

“असू दे,” ते म्हणाले. “उन्हात वाळेल.”

ओटीवर त्यांच्या पत्नी, नलिनीबाई, उंच खुर्चीवर बसल्या होत्या. डावा पाय समोर स्टुलावर सरळ ठेवलेला, खुर्चीला काठी टेकवलेली, मांडीवर परडी. फणसाच्या आठळ्या सोलत होत्या. संधिवात असेल, या वयात कुणाला नसतो, असं मी मनात म्हटलं आणि सोडून दिलं. त्यांनी मला विचारलं, गाडी कुणाला, तुला का? मी म्हटलं, नाही हो, वडलांना. त्यावर त्यांनी आबांना नीट बघून घेतलं.

“घ्या. चांगली आहे,” त्या म्हणाल्या. “मला आता तीत बसता येत नाही. फार खाली बसावं लागतं. बसले तर उठवायला दोन माणसं लागतात.”

“म्हणून काढतोय,” शेट्ये म्हणाले. “ठेवली होती इतके दिवस. कधीतरी बसेल म्हणून.”

आबा ओटीची पायरी चढले नाहीत. या, बसा म्हटलं तरी नको नको करत खालीच उभे राहिले. हा बुजरेपणा मला नवा नव्हता. बंगलेवाल्यांपुढं आबा असेच अवघडायचे, आणि मला त्याचा राग यायचा.

गाडी मात्र बघत राहावी अशी होती. शेडमध्ये कापडाखाली झाकलेली. शेट्यांनी कापड ओढलं आणि माझ्याच तोंडून वा निघून गेलं. मग मी लगेच गप्प झाले, कारण घेणाऱ्यानं वा म्हटलं की भाव वर जातो.

अशा गाडीची किंमत काढणं सोपं नसतं. रोजच्या गाड्यांचं बरं असतं, साल सांगा, किलोमीटर सांगा, मी आकडा सांगते. ही गाडी वर्षातून एखादी विकली जाणार. घेणारा वेडा असला तर सात देईल, विकणारा अडला असला तर चारला देईल. मी येण्याआधी पुण्यामुंबईच्या ओळखीच्या दलालांना फोन करून ठेवले होते. सगळ्यांचं म्हणणं एकच, की गाडी धड असेल तर साडेपाच ते सव्वासहा. म्हणजे सहा ही लूट नव्हती. हेच मला खटकत होतं. एवढ्या लांब उन्हात आले होते, कापायला काहीतरी मिळायला हवं होतं.

मी ओढणी कमरेला खोचली आणि सुरुवात केली. इंजिन ऐकलं. तेल बघितलं. बोटांच्या पेरांनी पत्रा वाजवत उजव्या बाजूनं मागपर्यंत गेले, सगळा खणखणीत. मागून डाव्या बाजूला आले आणि आवाज बसला. खिशातलं लोहचुंबक डाव्या दाराला लावलं, ते खाली पडलं. रंगाखाली पुट्टी होती, जाड. काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात साल छापलेलं असतं. उजव्या काचेचं साल गाडीचंच होतं, डावीचं कितीतरी नंतरचं. डाव्या सीटखालचा गालिचा उचलला तर तळाच्या पत्र्याला वेल्डिंगची लांब शिवण दिसली. काम चांगल्या हाताचं होतं, पण शिवण ती शिवणच.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू.

“शेट्येसाहेब, डावी बाजू ठोकलीय,” मी उठून हात झटकत म्हटलं.

“हो. घाटात.”

“बोलला नाहीत.”

“तुमच्या वडलांनी विचारलं नाही.”

मी आबांकडे बघितलं, पाहिलंत ना, अशा नजरेनं. आबा ना गाडीकडे बघत होते ना माझ्याकडे. भिजलेल्या बाहीवर डावा हात धरून शेडच्या खांबाला टेकले होते.

“चूक कोणाची होती?” मी विचारलं.

हा प्रश्न आमच्या फॉर्मवरचा. जुन्या गाडीच्या किमतीशी त्याचा काडीचा संबंध नाही. कुणाची का चूक असेना, पत्रा वाकायचा तेवढा वाकतो. पण ठोकलेल्या गाडीपुढं उभी राहिले की हा प्रश्न माझ्या तोंडातून आपसूक यायचा, तसाच तेव्हा आला.

 शेट्यांनी खाली वाकून गाडीवरच्या कापडाची नीट घडी केली.

“माझीच,” ते म्हणाले. “पुढे एस.टी. होती. मी घाई केली.”

“केलीच,” ओटीवरून नलिनीबाई म्हणाल्या. मान वर केली नाही, आठळीचं साल काढून खाली टाकलं. नवराबायकोचं काहीतरी जुनं असणार, आपल्याला काय, असं मला वाटलं.

आबा पाणी पिऊन येतो म्हणाले आणि विहिरीकडे गेले. मी शेट्यांना माझा हिशेब सांगितला. गाडी धड असती तर सहाला माझी ना नव्हती. पण या बाजूचा सांगाडा एकदा वाकून सरळ केलेला आहे, पुढं विकताना माझ्यासारखं कुणीतरी चुंबक लावणारच. या बाजूचे पंचाहत्तर हजार कमी करा. पाच पंचवीस. शेट्ये ऐकत होते.  तेवढ्यात आबा आले.

“सहा द्यायचे,” आबा म्हणाले. “ठरलंय ते.”

“ठरलं कुठं? तुम्ही विचारलंसुद्धा नाही.”

“उजा, सहा.”

आबा माझ्याशी कधी वर आवाज करून बोलत नसत. तेव्हाही केला नाही, पण असं बोलले की शेट्यांनी चटकन त्यांच्याकडे बघितलं. आणि मला झोंबलं. परक्या माणसासमोर माझं शहाणपण मोडीत काढत होते, आणि तेही स्वतःचे पैसे घालवायला. मी त्यांना दंडाला धरून डाव्या दारापाशी आणलं, दार उघडलं आणि गालिचा पुन्हा वर केला.

“हे बघा. हा मार साधा नाही, आबा. खालचा पत्रा वीतभर आत आलेला होता. इथं कुणी बसलं असेल ना, तर ते माणूस आपल्या पायांनी घरी गेलेलं नाही. असल्या गाडीला कुणी पुरे पैसे देतं का?”

माझा आवाज मुळातच मोठा. गॅरेजमध्ये बोलून बोलून झालाय. ओटी समोरच होती. आठळ्या परडीत पडायचा आवाज थांबला, हे माझ्या कानांनी टिपलं, पण मी त्याचा अर्थ लावला नाही.

“पाच पंचवीस,” शेट्ये घाईघाईनं म्हणाले. “मला मान्य आहे. सह्या करून टाकू.”

मला वाटलं, जिंकले.

आबांनी बॅग उघडलीच नाही. मीच घेतली, पैसे काढून दिले, शेट्यांकडून गाडी नावावर करायच्या टी.टी. फॉर्मवर सह्या घेतल्या. उरलेले पंचाहत्तर हजार बॅगेत राहिले. नलिनीबाईंनी कोकम सरबत पाठवलं होतं, माझं पिऊन झालं, आबांचा पेला तसाच राहिला. निघताना मी त्यांना येते म्हटलं. त्यांनी नुसती मान हलवली.

गाडी आबांनी चालवायला घेतली आणि मी डावीकडं बसले, बॅग मांडीवर. खरंच फार खाली बसावं लागत होतं, रस्ता पायांखालून सरकतोय असं वाटायचं. आबा मात्र एस.टी.च चालवत होते. पाठ ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर, वळण यायच्या कितीतरी आधी गिअर खाली. साखरपा मागं पडेपर्यंत माझी बडबड चालू होती. पंचाहत्तर हजार वाचवले म्हटलं, आईला पाटल्या करा. एवढी गाडी घेतली, जरा पळवा तरी. आबा हूं की चूं करत नव्हते. रागावले असतील, घरी जाईपर्यंत उतरेल राग, असा माझा हिशेब.

घाट सुरू झाला आणि पुढं एस.टी. आली. चढावर घरघरत, धूर सोडत चाललेली.

घाटातली एक रीत सांगायला हवी. चढावर मोठी गाडी पुढं असली की मागच्याला समोरचं काही दिसत नाही. मग पुढचा ड्रायव्हर खिडकीतून उजवा हात बाहेर काढतो. तळवा मागं करून धरला की थांब. हात मागून पुढं हलवला की ये, रस्ता मोकळा आहे. मागच्यानं त्या हातावर भरवसा ठेवायचा आणि गाडी बाहेर काढायची. त्या माणसाचं तोंड दिसत नाही, नाव माहीत नसतं, फक्त हात दिसतो. पुढं निघून गेल्यावर एक बारीक हॉर्न द्यायचा, झालं. लहानपणी आबांच्या मागच्या सीटवर बसून मी हे खूपदा पाहिलेलं. आपल्या बापाच्या एका हातावर एवढाल्या गाड्या थांबतात आणि निघतात, याचा मला फार अभिमान वाटायचा.

तर त्या एस.टी.च्या खिडकीतून हात बाहेर आला. ये. आबा गेले नाहीत. हात पुन्हा हलला, ये, ये. मागं एक जीप हॉर्न मारायला लागली. मी म्हटलं, आबा, साइड देतोय तो, काढा की. आबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी घाबरले. काही होतंय का, छातीत दुखतंय का, असं विचारत होते, तोवर त्यांनी गाडी डावीकडं डोंगराला लावून थांबवली. एस.टी. वळणावरून वर गेली. जीपवाला शिवी देऊन पुढं गेला.

“ह्येच वळण,” आबा म्हणाले.

मग त्यांनी उजव्या मनगटाचं बटण काढलं आणि बाही कोपराच्या वर नेली. हातावर मारुती होता, उड्डाण करणारा, हिरवा, मनगटापासून कोपरापर्यंत. तरुणपणी जोतिबाच्या यात्रेत गोंदवून घेतलेला. मी जन्मल्यापासून बघत होते तो. तो झाकायला हा शर्ट शिवला होता, हे मला तेव्हा कळलं.

आबांनी सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं. तेही असेच घाट चढत होते. मागं ही लाल गाडी होती. कुणीतरी सारखा हॉर्न वाजवत होता. उन्हाचं डोकं तापलेलं, एस.टी.त पोरं रडत होती, आबा वैतागले आणि जा बाबा एकदाचा, म्हणून हात हलवला. समोर न बघता. वरून ट्रक आला. लाल गाडीनं ट्रक चुकवायला एस.टी.च्या पुढं डावीकडं उडी घेतली आणि डाव्या अंगानं डोंगरावर जाऊन आदळली.

“आणि हॉर्न त्येनं वाजवलाच नव्हता, उजा,” आबा म्हणाले. “त्येच्या मागं जीप हुती. तिचा हुता. त्यो गप येत हुता माझ्या मागनं.”

आबांनी एस.टी. थांबवली. कंडक्टर, पॅसेंजर सगळे उतरून धावले. दरवाजा उचकटून आतल्या बाईंना बाहेर काढलं, त्यांचं ओरडणं वरपर्यंत ऐकू येत होतं. आबा सीटवर बसून राहिले. चढावर गाडी आहे, ब्रेकवरचा पाय काढता येत नाही, असं कंडक्टरला सांगितलं. पोलिसांना सांगितलं, मागून आला आणि पुढं गेला. हाताचं कुणालाच सांगितलं नाही. गाडीवाला सांगेल, आज सांगेल, उद्या सांगेल, म्हणून कितीतरी महिने घास गिळत नव्हता. गाडीवाल्यानं पोलिसांना लिहून दिलं, चूक माझी, मी घाई केली.

“मला तोंडानं सांगायचं व्हत न्हवतं,” आबा म्हणाले. “म्हणून पैसं घिऊन गेलतो. जेवढं मागतील तेवढं देऊन यायचं. तेवढं तरी. तेबी तू परत आणलंस.”

मी बॅग घट्ट धरून बसले होते.  इथं कुणी बसलं असेल, असं मी त्यांच्या ओटीसमोर दार उघडून दाखवलं होतं. स्टुलावरचा तो पाय, खुर्चीची काठी, फार खाली बसावं लागतं हे शब्द, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी सर्व्हेअर, मला त्यातलं काही दिसलं नव्हतं. मला स्वतःची इतकी किळस आली की त्या सीटवर बसवेना.

“आबा, मला काय माहीत होतं,” एवढंच निघालं तोंडातून.

“तुझं न्हाई काय. तू बरोबर इचारलंस, चूक कुणाची. मी तितंच हुतो की.”

बराच वेळ आम्ही तिथंच होतो. माकडं कठड्यावर येऊन बसली, गेली. शेवटी मी म्हटलं, चला. कुठं, ते सांगावं लागलं नाही. वर घाटमाथ्यावरच्या आंबा गावाला जाऊन आबांनी गाडी वळवली.

पालीला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. गाडीचा आवाज ऐकून शेट्ये बाहेर आले. काही बिघाड झाला का, असं त्यांनी विचारलं. आबा त्यांच्याजवळ थांबले नाहीत. सरळ ओटीची पायरी चढले, नलिनीबाईंच्या खुर्चीसमोर उभे राहिले आणि उघडा हात पुढं धरला.

“बाई, ये म्हणून हात केला त्यो हा,” ते म्हणाले. “रस्ता न बघता केला. ह्यांची चूक न्हवती.”

नलिनीबाईंनी हाताकडे बघितलं. नंतर नवऱ्याकडे.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“हात केला होता, ते ठाऊक होतं,” शेट्ये म्हणाले. “ह्यांचा, हे आज कळलं. बाही भिजली तेव्हा मारुती दिसला.”

“आणि मला कधी सांगितलं नाहीत.”

“हात कुणीही केला तरी ॲक्सिलरेटर माझ्याच पायाखाली होता ना.”

“मी इतकी वर्षं घाई घाई म्हणून तुम्हाला टोचत्ये, उठता बसता,” त्यांचा आवाज फुटला. मग त्यांनी तो आवरला. “तुमच्याशी नंतर बोलते.”

आबा हात तसाच धरून उभे होते. नलिनीबाईंनी त्यांना विचारलं, “उतरला का नाहीत? एस.टी. उभी होती, मला पडल्या पडल्या दिसत होती. सगळी माणसं आली. ड्रायव्हर कसा आला नाही, असं मला तेव्हाही वाटलं होतं.”

“भ्यालो,” आबा म्हणाले.

नलिनीबाईंनी मान डोलावली. मग मला बोलावलं, अगदी दुपारी बोलल्या होत्या तसंच सहज, इकडे ये ग. मी जाऊन उभी राहिले.

“ह्या बाजूचे किती कापलेस?”

“पंचाहत्तर हजार.”

“बरोबर आहे?”

टोमणा असता तर बरं झालं असतं. त्या खरंच विचारत होत्या. तुझं रोजचं काम, तुला कळतं, म्हणून विचारते, असंही वर म्हणाल्या. आणि मी, देवा, मी खरं तेच सांगितलं.

“गाडीला बरोबर आहे.”

“हं,” त्या म्हणाल्या.

मी बॅग त्यांच्यापुढं ठेवली. शेट्ये लगबगीनं पुढं आले, नाही नाही, व्यवहार झालाय, हे आम्ही घेणार नाही म्हणाले. नलिनीबाईंनी त्यांना हातानंच थांबवलं.

“तुम्ही नका घेऊ. मी घेते. पाय माझा आहे.” त्यांनी बॅगेतले पैसे काढून आठळ्यांच्या परडीत ठेवले आणि बॅग आबांना परत दिली. “माफ केलं असं मी म्हणणार नाही हो. पैसे घेतले, एवढंच.”

आबांनी दोन्ही हात जोडले. रडत होते ते. मी त्यांना आजीच्या मयतातही रडताना पाहिलं नव्हतं.

“जा आता,” नलिनीबाई म्हणाल्या. “घाट आहे. सावकाश जा.”

गाडी आमच्याकडे राहिली. आबा होते तोवर रविवारी सकाळी ती बाहेर काढायचे, मलकापूरपर्यंत जायचं आणि परत यायचं. एस.टी. पुढं आली की तिच्या मागं राहायचे, मैलोन्‌मैल. पुढून हात हलला तरी जायचे नाहीत, मागून हॉर्न वाजले तर वाजू द्यायचे. मी कधी काही म्हटलं नाही.

पालीला मी पुन्हा गेले नाही. आबांना जे बोलायचं होतं ते ते बोलून आले. मी त्या दिवशी ओटीवर उभी होते, पैशांचा आकडा सांगितला, बरोबर आहे म्हणून सांगितलं, आणि दुपारी दार उघडून जे बोलले होते त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. आज जाऊ, पुढच्या महिन्यात जाऊ, असं करत राहिले. मग एका वर्षी नलिनीबाई गेल्याचं डेपोतूनच कळलं. आबांनी त्या रविवारीही गाडी बाहेर काढली आणि नेहमीसारखी मला हाक मारली. डाव्या बाजूला मीच बसायचे.